मी सरकारला 'नको नको' म्हटलं

सांगते, पण एका अटीवर. हसायचं ते शेवटी एकदमच हसा. मध्ये मध्ये हसलात की माझी लिंक तुटते.

तर मंडळी, माझ्या हातून आजवर घोटाळे काही कमी झालेले नाहीत. पाहुण्यांच्या खिरीत मीठ घातलंय, बॉसला 'लव्ह यू, बाय' म्हणून फोन ठेवलाय. पण हा जो आता सांगतेय ना, तो सगळ्यांचा बाप! नवऱ्याचा धंदा बसलेला, माझी नोकरी अर्धी झालेली, घरात एक जेवणारं माणूस वाढलेलं, आणि अशा वेळी ऑस्ट्रेलियाचं सरकार स्वतःच्या पायांनी माझ्या दारात मदत घेऊन आलं. मी काय म्हटलं असेल? 'नको' म्हटलं! आणि नको म्हणून वर तिथेच वाट बघत बसले, की आता ते पुन्हा विचारेल!

कोविडचे दिवस. सिडनीतला तो लांबच लांब लॉकडाऊन आठवतोय ना? आम्ही केलीव्हिलला राहतो. नितीन, म्हणजे माझा नवरा, एअरपोर्टला माणसं नेण्या-आणण्याचं काम करायचा. स्वतःची व्हॅन, स्वतःचा धंदा. विमानंच उडेनात तर माणसं कुठून येणार? व्हॅन ड्राइव्हवेत उभी आणि नितीन रोज सकाळी ती धुवायचा. इतकी धुतली, इतकी धुतली, की शेवटी मी म्हटलं, अरे रंग जाईल तिचा! मी एका डेंटिस्टकडे रिसेप्शनला. तिथे ज्याचा दात अगदीच ठणकतोय त्यालाच तेवढं घ्यायचे, म्हणून माझ्या शिफ्टही निम्म्या. मुलगा ओम कॅनबेराला युनिव्हर्सिटीत, तो तिकडेच अडकलेला.

आणि त्यातच मिहिका आमच्याकडे आली. नावं सगळी बदलून सांगतेय बरं का. मुलांच्या कोर्टाच्या बाबतीत इथे फार कडक असतात, आणि ते बरोबरच आहे.

मिहिका म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, सागरची मुलगी. नऊ वर्षांची. मी तिची आत्या. सागर ब्लॅकटाउनला राहायचा. बायको सोडून गेली, मग त्याने बाटली जवळ केली, मग नोकरी गेली, आणि एक दिवस शेजाऱ्यांच्या लक्षात आलं की पोर कालपासून घरात एकटीच आहे. इथे असं झालं की सरकार मध्ये पडतं आणि मूल कुणी सांभाळायचं ते मुलांचं कोर्ट ठरवतं. यात हसण्यासारखं काही नाही. मी त्या दिवशी खूप रडले. सागरवर चिडून रडले, आणि त्याच्याच काळजीने रडले. तो व्यसनमुक्तीच्या सेंटरला गेला, आणि मिहिका एक बॅकपॅक घेऊन आमच्या दारात उभी राहिली.

पण तात्पुरती. कायमची कुठे राहायची ते कोर्टाच्या पुढच्या तारखेला ठरणार होतं. आत्याकडे, की कुणा अनोळखी फोस्टर घरात? बस्स, एवढाच प्रश्न. त्याचं उत्तर देण्यासाठी मला काहीही विशेष करायचं नव्हतं. आणि तरी मी घोळ घातला!

आमची तपासणी करायला बालकल्याण खात्याची केसवर्कर आली. तिचं नाव मेगन. तिशीची, आखूड केस, तोंडाला मास्क, वर ती प्लॅस्टिकची ढाल. ती इंग्रजीत बोलायची, मी तुम्हाला मराठीतच सांगते. घरभर फिरून तिने धुराचा अलार्म पाहिला, औषधांच्या कपाटाला कुलूप आहे का पाहिलं, ओमची खोली मिहिकाला दिलीय ती पाहिली. सगळं पसंत! मग आम्ही बॅकयार्डात दोन टोकांना खुर्च्या टाकून बसलो. तिने मांडीवर टॅब घेतला.

"नात्यातल्यांनी मूल सांभाळलं तर त्याच्या खर्चासाठी सरकार दर पंधरवड्याला भत्ता देतं," ती म्हणाली. "तुम्हाला हवाय ना?"

आता तुम्हीच सांगा, असं तोंडावर कुणी विचारतं? हवाय ना! आणि समोरच्याने काय म्हणायचं, हवाय?

"छे छे, नको!" मी म्हटलं. "अहो, आमचीच मुलगी आहे ती. तिचे कसले पैसे घ्यायचे?"

तुम्हाला काही समजावून सांगायला नको. पहिला 'नको' हा चांगल्या घरात वाढल्याचा. दुसरा 'अहो, खरंच नको' हा समोरच्याची इच्छा खरी आहे ना ते बघण्याचा. आणि तिसऱ्यांदा विचारलं की 'बरं, तुम्ही इतकं म्हणताय तर थोडंसंच,' असं म्हणत ताट पुढे. माझी मंगलमावशी तर चौथ्यांदा विचारल्याशिवाय आहेराच्या साडीकडे बघतसुद्धा नाही. तेव्हा मी पहिला 'नको' म्हटला, आणि दुसऱ्या विचारण्यासाठी चेहरा तयार करून बसले.

"ओके, नो वरीज!" मेगन म्हणाली, आणि टॅबवर बोट टेकवून पुढे गेली.

पुढे गेली! मला वाटलं, शेवटी येईल परत भत्त्यावर.

"मुलीला बोलायला काउन्सेलर हवा असेल?"

"नको नको, आम्ही आहोत ना बोलायला."

"शाळेसाठी लॅपटॉप?"

"कशाला उगीच!" आणि हे मी म्हणत असताना मिहिका आत माझ्या फोनवर, डोळे बारीक करकरून, ऑनलाइन शाळा करत होती.

"महिन्यातून एखादा वीकेंड तिला दुसरं कुणी सांभाळेल, तुम्हाला जरा विश्रांती?"

"अहो, लेकराला सांभाळून कुणी दमतं का?"

प्रत्येक वेळी 'नो वरीज', प्रत्येक वेळी टॅबवर बोट. मग ती उठली, लांबूनच हात हलवला, "यू गाइज आर अमेझिंग" म्हणाली आणि गेली. मी मनातल्या मनात फुशारले. काय छाप पाडली बाईवर!

नितीन किचनमध्ये वाटच बघत होता. "काय म्हणाली? भत्ता मिळणार?"

"मी नको म्हटलं."

नितीन खाली बसला. खुर्ची नव्हती तिथे, तरी बसला.

"नको म्हटलंस? वैशाली, घराचा हप्ता कुठून भरतोय आपण, माहितीये ना तुला?"

"अरे, पहिल्यांदा विचारलं की लगेच हो म्हणायचं का? काय वाटेल तिला? विचारेल ती परत."

"ती मेगन आहे, वैशाली. तुझी मंगलमावशी नाही. तू आत्ताच्या आत्ता फोन कर आणि सांग हवाय म्हणून."

"म्हणजे मागू? तोंड वेंगाडून? दिलेलं घेणं वेगळं आणि मागणं वेगळं!"

संध्याकाळी नाशिकला आईला फोन केला. आई म्हणाली, "सरकारने विचारलं? किती वेळा?"

"एकदा."

"एकदाच?" आई म्हणाली. "मग विचारलंच नाही म्हण."

बघा! माझी आई बी.ए. आहे, तेही पॉलिटिकल सायन्समध्ये. तिला सरकार कळतं.

आठवडे गेले. मेगनचे फोन यायचे, पण ते सगळे मिहिका जेवते का, झोपते का, शाळेत बसते का. भत्त्याचं नाव नाही. नितीन आता व्हॅन धुताना माझ्याकडे बघायचा. शेवटी मेगनचं पुन्हा घरी यायचं ठरलं, आणि मी मनाशी बेत केला. मागायचं नाही, पण तिला विचारावंच लागेल अशी पाळी आणायची.

तर बसलो पुन्हा बॅकयार्डात. मी सुरुवात केली. "किराणा काय महाग झालाय हो! टोमॅटो तर घ्यावेसेच वाटत नाहीत."

"टेल मी अबाउट इट!" मेगन म्हणाली, आणि टोमॅटोवर तिने माझ्यापेक्षा जास्त तक्रार केली.

मी उसासा सोडला. तिने काही विचारलं नाही. मी आणखी मोठा सोडला. मास्कमधून उसासा सोडला की चष्म्यावर वाफ येते आणि समोरच्याचा चेहराच दिसत नाही, हे मला तेव्हा कळलं. "नितीनची व्हॅन तर महिनोन्महिने उभीच आहे बघा," मी धुक्यातून म्हटलं.

आता मात्र मेगन पुढे झुकली. अगदी हळू आवाजात म्हणाली, "वैशाली, पैशांची ओढाताण होतेय का? काही मदत हवीय?"

आली! दुसरी वेळ आली! देवाशपथ सांगते, उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. पण ती जीभ माझी एकटीची कुठे? तिच्यावर आईचा आणि सगळ्या मावश्यांचा हक्क. ती आपली आपणच वळली आणि म्हणाली, "नाही हो! अगदी मजेत आहोत आम्ही!"

"ओके," मेगन म्हणाली. पण या वेळी 'नो वरीज' म्हणाली नाही. जरा माझ्याकडे बघत राहिली.

इथे थांबले असते तर एक वेळ निभावलं असतं. पण मी सकाळपासून तिच्यासाठी कोथिंबीर वड्या तळून ठेवल्या होत्या. ती निघाली तशी मी डबा पुढे केला. ती म्हणाली, थँक यू, पण आम्हाला काही घ्यायची परवानगी नसते. मी म्हटलं, एकच घ्या. ती म्हणाली, नाही, खरंच नको. मी म्हटलं, मुलांसाठी न्या. ती म्हणाली, मला मुलं नाहीत, आणि मी घेऊच शकत नाही. तिसऱ्यांदा नको म्हटलं हो! मला वाटलं, वा, किती चांगल्या घरातली मुलगी आहे!

ती गाडीत बसली. मी उघड्या खिडकीतून डबा शेजारच्या सीटवर ठेवला. ती उतरली, डबा आमच्या लेटरबॉक्सवर ठेवला, पुन्हा बसली आणि गाडी सुरू केली. माझा हिरमोड बघवेना म्हणून चाललीय, असं वाटून मी डबा उचलला आणि पळाले. मी! बस सुटत असली तरी जी चालतच जाते! कंबरेला एप्रन, मास्क हनुवटीवर, हातात आइस्क्रीमचा जुना डबा, आणि केलीव्हिलच्या त्या सामसूम रस्त्यावर मी खात्याच्या गाडीमागे धावतेय. समोरचे म्हातारबाबा बागेला पाणी घालायचं सोडून टाळ्या वाजवायला लागले. कोपऱ्यावरच्या राउंडअबाउटला मी तिला गाठलंच. काचेवर टकटक केलं. काच दोन बोटं खाली आली.

"विसरलात!" मी म्हटलं.

काच वर गेली, आणि गाडी राउंडअबाउटला एक पूर्ण फेरी मारून दुसऱ्याच रस्त्याने निघून गेली.

त्यानंतर काही दिवसांनी मेगनने कोर्टाला दिलेला रिपोर्ट आम्हाला वाचायला पाठवला. घर चांगलं, मुलीचा आत्यावर जीव, सगळं छान लिहिलं होतं. आणि मग पुढे: सांभाळणाऱ्या बाईने देऊ केलेली प्रत्येक मदत नाकारली. स्वतःहून पैशाच्या अडचणी बोलून दाखवल्या, पण थेट विचारताच अडचण नसल्याचं सांगितलं. समोरच्याने नकार दिल्यावर त्यांना थांबता येत नाही. भेटवस्तू देण्यासाठी त्यांनी सरकारी गाडीचा पाठलाग केला. त्या खात्याशी मोकळेपणाने वागतील का, याबद्दल शंका वाटते. मुलीसाठी दुसऱ्या घराचाही विचार व्हावा.

वाचून मलाच त्या बाईची भीती वाटली. असल्या बाईकडे मी आमचं मांजरसुद्धा ठेवलं नसतं! आणि वाईट याचं वाटलं की यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. मेगनने जे पाहिलं तेच लिहिलं होतं.

मी तिला फोन लावला, आता लाज कसली? ती म्हणाली, रिपोर्ट कोर्टात गेलाय, पण तुम्हाला बोलायची संधी मिळेल, जे आहे ते तिथे सांगा. मी फोन ठेवला. वळले तर मागे मिहिका उभी. तिने किती ऐकलं होतं कोण जाणे.

"आत्या, डू यू नॉट वॉन्ट मी?"

"असं काय बोलतेस गं सोन्या?"

"यू सेड नो. दॅट लेडी आस्क्ड अबाउट स्टफ फॉर मी, अँड यू सेड नो टू एव्हरीथिंग. आय हर्ड."

ते सगळे 'नको' मी माझ्या मोठेपणासाठी म्हटले होते, आणि ते जाऊन लागले होते या पोरीला. मी तिला जवळ घेतलं आणि सांगितलं, की तुझी आत्या मूर्ख आहे. ती म्हणाली, "ओके." लगेच पटलं तिला.

कोर्टाची तारीख आली. कोर्टही तेव्हा व्हिडिओवरच. मिहिकाला तिच्या खोलीत शाळेला बसवलं. मी डायनिंग टेबलाशी, अंगावर चांगली साडी. नितीनने माझ्यासाठी भाषण तयार केलं होतं, त्यात 'कल्चरल कॉन्टेक्स्ट' हे शब्द फार वेळा होते. स्क्रीनवर वकिलांचे चौकोन, मेगनचा चौकोन, वर मॅजिस्ट्रेटबाई, आणि अगदी खालच्या कोपऱ्यात सागर. सेंटरमधून जोडलेला. वाळला होता, पण डोळे स्वच्छ होते. त्याला बघितलं आणि मी भाषण साफ विसरले.

"मिसेस पाटणकर," मॅजिस्ट्रेटबाई म्हणाल्या, "खातं म्हणतंय की तुम्हाला कुठलीच मदत नको आहे. हे खरं आहे?"

"नाही, युअर ऑनर! हवी होती! पहिल्या दिवसापासून हवी होती! पण मेगनने एकदाच विचारलं हो!"

नितीनने कपाळावर हात मारला.

"एकदा विचारलेलं पुरत नाही का?" मॅजिस्ट्रेटबाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"आमच्याकडे नाही पुरत. एकदा विचारल्यावर जो हो म्हणतो त्याला माझी आई अधाशी म्हणते. तीनदा विचारायचं असतं. पहिले दोन 'नको' धरायचेच नसतात."

"आणि एखाद्याला खरंच नको असेल तर?"

"तर तो पानावर दोन्ही हात आडवे धरतो, युअर ऑनर. तरीही वाढणारी बोटांच्या फटीतून वाढते."

कुणीतरी खोकलं. दाबलेलं हसू आणि खरा खोकला यातला फरक मला कळतो, आणि कोविडच्या दिवसांत तर जास्तच कळायचा.

"मग तो गाडीचा पाठलाग?"

"ती तीनदा नको म्हणाली होती. मला वाटलं आता घ्यायच्या बेतात आहे."

मेगनने आपला माइक सुरू केला. "मला वाटलं त्या मला लाच देतायत."

"कोथिंबीर वडीची?" मी म्हटलं. "लाच द्यायची तर मी निदान पुरणपोळ्या नसत्या केल्या?"

आता मात्र दोन-तीन चौकोनांनी सरळ कॅमेरे बंद केले. पण मॅजिस्ट्रेटबाई हसल्या नाहीत. "मिसेस पाटणकर, गंमत बाजूला ठेवू. हे मूल बरंच काही सोसून आलंय. उद्या ते आजारी पडेल, बिथरेल, तुम्ही दमाल. तेव्हा आमची माणसं विचारतील आणि तुम्ही नको म्हणाल. तुमच्या शिष्टाचारापायी ते मूल मदतीवाचून राहील. मी हा धोका का घ्यावा?"

खरं होतं. एकदम खरं. मी म्हटलं, "युअर ऑनर, मिहिकाने मला हेच सांगितलं. तिला वाटलं की मी तिलाच नको म्हणतेय. त्या दिवसापासून ठरवलंय, माझ्यासाठी कुणी काही देऊ केलं तर मी हवे तेवढे नखरे करीन. तिच्यासाठी दिलं तर दोन्ही हातांनी घेईन."

त्यांनी समोरचा कागद उलटला. मग म्हणाल्या, "ती अठरा वर्षांची होईपर्यंत तुमच्याकडे राहावी, ही जबाबदारी तुम्ही आणि तुमचे पती..."

"हो!"

"माझं वाक्य पूर्ण झालेलं नाही."

"सॉरी. करा पूर्ण. पण हो!"

"हे मी एकदाच विचारतेय, मिसेस पाटणकर."

"हे विचारायचीही गरज नव्हती, युअर ऑनर."

खालच्या चौकोनातून सागर "ताई" एवढंच म्हणाला. मग त्याच्या वकिलाने सांगितलं की वडिलांचीही हीच इच्छा आहे. मी साडीच्या पदराने डोळे पुसले, आणि तेवढ्यात नितीननेही त्याच पदराने पुसले.

मॅजिस्ट्रेटबाईंनी मेगनला विचारलं, खात्याचं काय म्हणणं? मेगन म्हणाली, मदत घेणार असतील तर आमची शिफारस आत्याकडेच. मग ती जरा अडखळली. "युअर ऑनर, मी त्यांना भत्त्याचं पुन्हा एकदा विचारलं तर चालेल?"

"विचारा की."

"वैशाली," मेगन अगदी हसून म्हणाली, "मिहिकासाठी भत्ता देऊ ना?"

सगळं कोर्ट माझ्याकडे बघतंय. आत्ताच, या तोंडाने, दोन्ही हातांनी घेईन म्हणून सांगितलेलं. आणि हे तोंड काय म्हणालं असेल?

"अहो नको, कशाला उगीच तुम्हाला त्रास..."

नितीनचं डोकं टेबलावर आपटल्याचा आवाज कोर्टाच्या रेकॉर्डवर आहे.

मॅजिस्ट्रेटबाई पुढे झुकल्या. "मिस्टर पाटणकर, ही दुसरी वेळ समजायची का?"

"हो, युअर ऑनर!" नितीन टेबलावरूनच ओरडला. "दुसरीच! प्लीज!"

"मग तिसऱ्यांदा मी स्वतः विचारते. मिसेस पाटणकर, या मुलीसाठी तुम्ही भत्ता घ्याल का?"

"बरं," मी म्हटलं. "तुम्ही इतकं म्हणताय तर... थोडासाच."

"नियमाप्रमाणे जितका बसतो तितका पूर्ण मिळेल," त्या म्हणाल्या, आणि तेव्हा पहिल्यांदा हसल्या. मग त्यांनी लॅपटॉपचं विचारलं. मी हो म्हटलं. काउन्सेलरचं विचारलं. हो म्हटलं. महिन्यातल्या विश्रांतीच्या वीकेंडचं विचारलं, तर मी आणि नितीन एकदम हो म्हणालो आणि एकमेकांकडे बघून लाजलो.

मग त्यांनी ऑर्डर वाचली. मिहिका आमच्याकडे राहणार. अठरा वर्षांची होईपर्यंत! बाबाला ठरल्या दिवशी भेटणार, आणि आत्याच्या घरी राहणार. नितीनने अशी आरोळी ठोकली की समोरचे म्हातारबाबा बागेतून बाहेर आले. मी उभी राहिले, बसले, पुन्हा उभी राहिले. जिंकलो हो आम्ही! कुणाला हरवलं ते विचारू नका, बहुतेक मलाच हरवलं असणार, पण जिंकलो!

मॅजिस्ट्रेटबाई आवरायला लागल्या. "गुड लक, मिसेस पाटणकर."

आता मला सांगा, ज्या बाईने आपलं लेकरू आपल्या पदरात घातलं, तिला काय नुसतं 'थँक यू' म्हणून वाटेला लावायचं?

"युअर ऑनर, लॉकडाऊन संपला की आमच्याकडे जेवायला या!"

"फार प्रेमाने बोलावताय, पण मला येता येणार नाही."

"असं कसं? साधंच करीन, फार काही नाही."

"खरंच नाही. आम्हाला चालत नाही ते."

"अहो, चालत नाही काय! मिस्टरांनाही घेऊन या."

"मिसेस पाटणकर," त्या म्हणाल्या, "हा माझा तिसरा नकार आहे, आणि तो खरा आहे."

"हो हो, सगळे असंच म्हणतात! मसालेभात करीन, तिखट कमी, अळूचं फदफदं, आणि..."

स्क्रीनवर माझ्या चौकोनात एक लाल माइक उमटला. त्यावर आडवी रेघ. कोर्टाने मला म्यूट केलं होतं.

आरोळी ऐकून मिहिका धावत आली होती. नितीनने तिला उचलून गरगर फिरवलं, ऑर्डर सांगितली, तिने किंकाळी मारली, दोघांनी मिळून घर डोक्यावर घेतलं. मग तिची नजर माझ्याकडे गेली.

"आत्या, दे म्यूटेड यू."

मी मान हलवली, की माहितीये.

"देन हू आर यू टॉकिंग टू?"

काय सांगू तिला? बेत आत्ता कुठे श्रीखंडापर्यंत आला होता. अर्ध्यावर कसा सोडणार?